ओळख पटत नाही

साडेतीनला श्रीपालअण्णांचा फोन:
"बिलं जाईनात, ताई. सातवी गाडी उभी हाय."

विश्रामबागेतून मी स्कूटरवर.
मार्केट यार्डात शिरलं की आधी नाक पिवळं होतं,
मग बाकीची मी.
पाटलांच्या पेढीवर, माळ्यावरच्या खोलीत सर्व्हर;
की-बोर्डच्या फटींत हळद इतकी
की कामाआधी फुंकर मारावी लागते.

"काय म्हणतंय?"
"जावा ऐकत नाही."
"कुठल्या जावा ऐकतात?" अण्णा हसले.
मीही कुणाची तरी जाऊ आहे,
गप्प राहून लॉग उघडला.

समोरच्याच्या प्रमाणपत्रापासून
मी ओळखते अशा कुणापर्यंतही
वाट जात नाही,
असं लिहून ती थांबली होती. दर मिनिटाला, नव्यानं.

तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकला:
छोटं कुलूप, बंद, सगळं ठीक.
"मग हिलाच काय झालं?"
हिची यादी वेगळी, अण्णा.
पुरानंतर नवं मशीन आणलं तेव्हाची.
पोर्टलनं परवा रात्री जामीनदार बदलला,
ब्राउझरला बातमी लागली,
हिला कुणी सांगितलंच नाही.

पायगोंडा पाटील जिना चढून आले, धापा टाकत.
"एक ओळ घाल की, सगळ्यांवर विश्वास ठेव म्हणून.
मागचा पोरगा तसंच करायचा."

ते मला सापडलं होतं.
नाव 'तपासा',
पुढं दोन महिरपी कंस,
मधे काही नाही.
कुणीही यावं, हळदीचा भाव विचारावा, पासवर्ड न्यावा.

खिडकीखाली सौदा चालला होता.
रुमालाखाली दोन हात, बोटं बोलतायत,
वर दोन्ही चेहरे कोरे.
"पाटील, रुमालाखाली कुणाचाही हात धराल?"

ते खिडकीतून बघत राहिले.
"धरला हुता एकदा.
एकोणतीस पोती गेली."
मग खुर्ची ओढून बसले.

मुळाचं प्रमाणपत्र उतरवून घेतलं,
पण उतरवलं म्हणजे खरं असं नाही.
पोर्टलच्या कचेरीत फोन लावला, तिसऱ्यांदा लागला.
तिकडं एक मुलगी, वऱ्हाडी हेल.
ती ठसा वाचू लागली, दोन दोन अक्षरांनी,
अण्णा पेन्सिलीनं कागदावर टिचक्या मारत:
तीन एफ. आठ डी. शून्य सी.
एकोणिसाव्या जोडीला अडलो.
"बी का डी?"
"बार्शीचा बी!" अण्णाच ओरडले,
"का देवरुखचा डी?"
ती हसली. बार्शीचा.
बत्तीस जोड्या. सगळ्या जुळल्या.

तिजोरीचा पासवर्ड: चेंजइट.
म्हणजे 'हे बदला'.
कारखान्यातून निघाल्यापासून कुणी बदललेला नाही.
आज मीही नाही बदलला,
हे इथंच सांगून टाकते.

शेवटी तिनं विचारलं,
यावर विश्वास ठेवायचा?
आणि शेजारी चौकटी कंसात
उत्तर आधीच लिहून ठेवलेलं: नाही.
नुसतं एंटर दाबलं, तर नाहीच.
कंटाळून, घाईत, झोपेत
'हो' होऊ नये म्हणून.
मला हे तिचं फार आवडतं.
'हो' हा पूर्ण शब्द टाइप करावा लागतो.
केला.

सर्व्हिस बंद, परत चालू.
पहिल्या बिलाचा नंबर आला.
खाली दस्तगीरनं ताडपत्रीची दोरी आवळली,
सातवी गाडी यार्डाबाहेर.

"आता कायमचं झालं?" पाटील.
नाही. पुढच्या अपडेटला ही परत विसरेल.
म्हणून तारीख, पायऱ्या आणि त्या बत्तीस जोड्या
कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या,
कॅलेंडरच्या खाली, जिथं पंख्याचा वारा लागत नाही.

घरी पोचायला आठ.
बेल वाजवली. आतून जाऊबाई: "कोण?"
"मी."
एवढ्यावर कडी निघाली.

कितीदा सांगितलंय त्यांना,
नाव विचारत जा म्हणून.